भिंतीला घाम फुटतो तेव्हा

थंडीत घराचं काम काढू नये, असं पुष्कळजण सांगतात. त्यात तथ्य आहे. गारठ्यात सिमेंट फार सावकाश धरतं, आणि ओल्या गिलाव्यातलं पाणी गोठलं तर ते सुमारे ९ टक्के फुगून गिलावा आतूनच फोडतं. पाण्यात मिसळायचे बहुतेक रंगही १० अंशांच्या खाली नीट बसत नाहीत. तेव्हा बाहेरचा गिलावा आणि रंग खुशाल पुढे ढकला. पण घराची दुखणी शोधायची असतील तर हेच दिवस. उन्हाळ्यात सगळी घरं निरोगीच दिसतात.

माझंच सांगतो. आमच्या झोपायच्या खोलीत कपाटामागे ओल यायची, काळी बुरशी धरायची. पाऊस मुरतोय असं मी ठरवून टाकलं आणि आतून जलरोधक रंगाचे दोन हात मारले. पुढच्या हिवाळ्यात बुरशी परत हजर, आता नव्या रंगावर! मग जी तपासणी आधी करायला हवी होती ती केली. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला लावला, चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि दोन दिवस तसाच ठेवला. थेंब प्लॅस्टिकच्या मागे जमले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतली. आमच्याकडे पुढची बाजू ओली निघाली. म्हणजे ते पाणी आमच्याच श्वासाचं, आंघोळीचं आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांचं होतं.

याचा हिशेब सोपा आहे. २० अंशांची एक घनमीटर हवा साधारण १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, शून्य अंशाची जेमतेम ५. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या भिंतीवर पाणी धरायला लागतं. कपाटामागे खोलीची ऊब पोचत नाही, म्हणून तो कोपरा सगळ्यात गार. कपाट वीतभर पुढे ओढलं, न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि भागलं. रंगाचे पैसे मात्र पाण्यातच गेले.

अर्थात ओल खरोखर भिंतीतली निघाली तर आतल्या बाजूला हात लावू नका. आधी छत बघा, पन्हळी बघा, खिडकीच्या वरची भेग बघा. वरून पाणी येत असताना ऊब राखणारं अस्तर (इन्सुलेशन) भरणं म्हणजे ओल्या अंगावर लोकर चढवणं. ऊब राखते ती अस्तरात अडकलेली कोरडी हवा, आणि पाणी उष्णता हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने वाहून नेतं.

आता वाऱ्याकडे येऊ. पाय गारठतात म्हणून लोक दाराखाली पायपुसणं सारतात. तेही करा, ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली ३ मिलिमीटर फट असेल तर ते भिंतीला पाडलेलं पाच-पाच सेंटिमीटरचं भोक झालं. पण उबदार हवा हलकी, ती वर चढते, पोटमाळ्याच्या झडपेतून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा ओढली जाते. म्हणून फटी बुजवायला वरून सुरुवात करा. त्या शोधायला खिडक्या लावून घ्या, हवा बाहेर फेकणारा पंखा चालू करा आणि उदबत्ती चौकटींच्या कडेने सावकाश फिरवा. धूर जिथे अचानक आडवा होतो तिथे पेन्सिलने खूण करा. बुजवताना एक लक्षात ठेवा, सिलिकॉनवर रंग बसत नाही. जिथे रंग द्यायचा आहे तिथे अॅक्रिलिकची लांबी (फट भरायचा लगदा) घ्या.

ही तपासणी शेगडी किंवा धुराड्याची चूल पेटलेली असताना करू नका, कारण पंखा धूर उलटा घरात ओढतो. आणि घर कितीही घट्ट केलंत तरी जिथे काही जळतं त्या खोलीचा झरोका बुजवायचा नाही. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला ना वास ना रंग. त्याची सूचना देणारं यंत्र फटी बुजवण्याच्या आधी लावा, नंतर नव्हे.

राहतं घर आहे, तेव्हा एका वेळी एकच खोली काढा आणि तिच्या दारावर प्लॅस्टिकचा पडदा लावा. आमच्याकडे पहिली खोली आईची घेतली. तिचं अंथरूण उत्तरेच्या भिंतीला लागून होतं.