बारावीनंतर लातूर पॅटर्न कुठे जातो?

(लातूर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्यातले बरेच जण बारावीला नव्वदच्या पुढे होते. त्यांतलेच काही आज एम-थ्रीत, म्हणजे सेकंड इयरच्या गणितात, नापास होऊन बॅक घेऊन बसलेत. हसू नका, शेजारचाही त्यातलाच असेल. डोकं तेच आहे, मग बिघडलं कुठं?

बारावीच्या तयारीच्या लातूर पॅटर्नचं राज्यभर नाव झालं. शाहू, दयानंद ही इथल्या कॉलेजांची नावं गावोगावच्या पालकांना पाठ झाली. पण चांगले शिकवणारे इतरत्रही होतेच की. इथं पेपर व्हायचे. धडा संपला की पेपर, तपासून हातात, चुकलेलं पुन्हा. इंजिनिअरिंगला आलात आणि तुमच्या मागं लागून पेपर घेणारं कोणी उरलं नाही. अंतर्गत चाचणीचे मार्क कसे पडतात ते तुम्हालाही ठाऊक, मलाही. मग परीक्षा तोंडावर आली की झेरॉक्सच्या दुकानात नोट्ससाठी झुंबड उडते आणि अभ्यासिकेत नुसतं वाचन सुरू होतं.

वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, तिथंच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढं: 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं विचारलं तर वाचणारे 42 वर घसरले, लिहिणारे 56 वर होते. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

आता एम-थ्रीकडे या. औशाकडचा एक मुलगा मला म्हणाला, "सर, लाप्लास डोक्यातच शिरंना बघा." लाप्लास म्हणजे फलनाचं रूप बदलून गणित सोपं करायची रीत, आणि व्यस्त लाप्लास म्हणजे तिथून मूळ रूपात परत येणं. मी त्याला साधं गणित दिलं: एक भागिले एस वर्ग अधिक तीन एस अधिक दोन, याचा व्यस्त लाप्लास काढ. सूत्रांचा तक्ता त्याला तोंडपाठ होता, तरी पेन थांबलं. कुठं? छेदाचे अवयव पाडून अपूर्णांक तोडायचा, तिथं. एस अधिक एक आणि एस अधिक दोन असे अवयव मी पाडून दिले, एक भागिले पहिला वजा एक भागिले दुसरा, हेही लिहून दिलं. पुढं त्यानं एका ओळीत उत्तर काढलं: ई चा घात वजा टी, वजा ई चा घात वजा दोन टी. म्हणजे लाप्लास त्याला येतच होता! अडला होता तो पार्शल फ्रॅक्शनला, आणि ते काही सेकंड इयरचं नाही.

अवघड विषयाचं बहुतेक वेळा असंच असतं. गळती वरच्या मजल्यावर दिसते, पाइप खाली फुटलेला असतो. म्हणून सोडवलेलं उदाहरण घ्या, उत्तर झाका, कोऱ्या कागदावर लिहा. पेन थांबेल तिथं खूण करा आणि ती पायरी कोणत्या इयत्तेची आहे ते बघा. अकरावीचं पुस्तक काढायला लाजू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्यांनी कल्पना मराठीतच एकमेकांना समजावून सांगा. इंग्रजीत लिहायचा सराव वेगळा करा. दोन्ही ओझी एकदम उचलली की माणूस घोकंपट्टीवर येतो.

आणि जेवा. गावाहून एसटीनं डबा येतो, मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत भाजी आंबते, मग पोरगं चहावर रात्र काढतं. डबा आल्या आल्या उघडा. झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. मित्राला तसं होत असेल तर त्याच्याजवळ बसून तुम्ही लावून द्या. नापास होणं दुरुस्त करता येतं, फॉर्म पुन्हा भरता येतो.

मागून एक चिठ्ठी आली आहे: "सर, पंधराच दिवस राहिले, कोणतं युनिट सोडू?" आज काहीच सोडू नका. मागच्या वर्षीचा पेपर घ्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, पेपरला असतो तेवढाच वेळ लावून बसा. येईल तेवढं लिहा, कोरं राहील ते कोरं राहू द्या. आज रात्रीच. उद्या ती वही घेऊन माझ्याकडे या, मग कोरी पानं बघून ठरवू काय सोडायचं ते.