माठातलं पाणी गार का होतं? आधी पोरांना बोलू द्या

नमस्कार मंडळी. विज्ञान-गणिताचा तास म्हटला की सर फळ्यावर लिहिणार, पोरं वहीत उतरवणार आणि वर्ग चिडीचूप असला की हेडमास्तर खुश, असं आपल्याकडं वर्षानुवर्षं चाललंय. मला विचाराल तर त्या शांततेत शिकणं कमी आणि उतरवणं जास्त असतं.

आता आपल्या सोलापूरचा उन्हाळा काय सांगायचा, पारा चाळिशीच्या वर. सातवीच्या वर्गात एवढंच विचारा, माठातलं पाणी गार का होतं? आणि गप्प उभं राहा. कुणीतरी म्हणणारच, माती थंड असते म्हणून. लगेच दुसरा, मग दुपारी अंगणातली माती पायाला चटके का देते बे? तेवढ्यात एखादी पोरगी सांगते की आमच्यात स्टीलच्या पिंपाला ओलं फडकं गुंडाळतात, ते पाणी पण गार होतंय की. झालं, माती बाद, उरलं ते ओलं असणं! मग झिरपलेलं पाणी वाळतं, वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, इथपर्यंत पोरं जवळजवळ आपली आपणच येतात आणि बाष्पीभवन हा पुस्तकातला शब्द तेव्हा कुठं कामाला येतो. मुंबईच्या मामाकडं माठ इतका गार का होत नाही, हा प्रश्न त्याच्याच पाठोपाठ. तिकडची हवा दमट, त्यामुळं पाणी वाळतच नाही लवकर.

हार्वर्डमधले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991 पासून हेच कॉलेजात सुरू केलं. प्रश्न द्यायचा, प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, परत उत्तर द्यायचं. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरं वाढतात. तुम्ही म्हणाल, हुशार पोराचं बघून बदलत असतील. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं, 2009 साली ते सायन्स या नियतकालिकात छापून आलं. गटात सुरुवातीला एकालाही उत्तर येत नव्हतं तरी चर्चेनंतर मुलं सुधारली, तसाच दुसरा प्रश्न एकट्यानं सोडवताना सुद्धा.

पण ते आधी एकट्यानं उत्तर लिहिणं सोडू नका हं, नाहीतर चार जण मिळून एकाच्या तोंडाकडं बघत बसतात.

गणितात पण हे चालतं. हजाराची चादर, आधी 20 टक्के सूट, वर आणखी 10 टक्के. किती झाली? अर्धा वर्ग 30 टक्के म्हणणार, आणि तसं म्हणू द्या. आठशेवरचे दहा टक्के म्हणजे ऐंशी, शंभर नव्हे, हे शेजारच्यानं भांडून सांगितलं की डोक्यात बसतं. चादर 720 ला, सूट 28 टक्के.

सोलापुरात आणखी एक गंमत आहे, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. गटात पोरं खुशाल घरच्या भाषेत वाद घालू देत, उत्तर मराठीत सांगितलं म्हणजे झालं. मराठीत बोल रे म्हणून मध्येच टोकलं की विचार तुटतो आणि ते पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही.

शिक्षक म्हणतात पोर्शन राहतो. खरंय, रोज नाही जमायचं. आठवड्याला एक प्रश्न जमतो, फक्त तो वादाचा हवा, पाण्याचा उत्कलनबिंदू किती यावर काय चर्चा होणार? आणि गटाचं उत्तर कोण सांगणार ते चिठ्ठी काढून ठरवा. मग मागच्या बाकावरचा पण शेजाऱ्याला विचारतो, ए, नीट सांग की, माझंच नाव निघायचं.

नमस्कार.