कासरा हाताला गुंडाळायचा नाही

(साताऱ्यात पोहणाऱ्या आणि गड चढणाऱ्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

इथून समुद्र गाठायचा तर कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण मागं टाकायचं, मग कुठं गुहागरला पाय ओले होतात. अशा गावात उभं राहून पाण्याखालच्या भाल्याच्या दोरीवर बोलायचं म्हणजे धाडसच. आमच्या आत्या सकाळी म्हणाल्या, "कंदी पेढ्याच्या गावात माशाचं काय सांगतोस?" पण समोर पाहतो तर निम्म्या लोकांच्या पिशवीत दोर आहे आणि मागच्या दोन रांगांत लहानपणी मोट हाकलेली माणसं बसली आहेत. दोरीची अक्कल इथं कमी नाही. तेव्हा मासा जरा बाजूला ठेवतो आणि दोरीपासून सुरू करतो.

मी नऊ वर्षांचा होतो. बेंदराचा दिवस. आजोबांनी बैल नदीवर धुवायला न्यायला माझ्या हातात कासरा दिला. सुटू नये म्हणून मी तो मुठीला दोन वेढे मारून घट्ट धरला. म्हातारा ओरडला नाही. जवळ आला, वेढे उलगडले, आणि मग एक ठेवून दिली. "बैल पळाला तर बैल जाऊ दे. तू त्याच्यासंगं जाऊ नगंस." पुढं मी साखर कारखान्यात यंत्रांवर काम करायला दक्षिण आफ्रिकेत डर्बनला गेलो, तिथं एका दमात बुडी मारून भाल्यानं मासेमारी शिकलो, आणि पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यानं जे सांगितलं ते हेच होतं. फक्त इंग्रजीत होतं आणि चापट नव्हती.

ज्यांनी स्पिअरगन पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एक लांब नळी, तिच्यावर पोलादी भाला, पुढच्या तोंडाशी जाड रबराचे पट्टे, मागं मूठ आणि चाप. पट्टे ओढून भाल्याच्या खाचेत अडकवायचे, चाप दाबला की भाला सुटतो. बेचकीच म्हणा. पाठीवर हवेची टाकी नाही, छातीत भरून घेतलेला तेवढा दम. तिकडं टाकी लावून भाला चालवायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्य आहे. माशाला तेवढी तरी संधी असावी.

भाल्याच्या मागच्या टोकाला भोक असतं. तिथून दोरी निघते, नळीच्या तोंडाशी जाते, तिथं वळून चापाजवळच्या एका छोट्या खिटीवर येते, पुन्हा तोंडाशी जाऊन बांधलेली असते. चाप दाबताच खिटी पडते आणि दोरी मोकळी होते. या फेरीला एक वेढा म्हणतात. एका वेढ्यात नळीच्या साधारण तिप्पट दोरी बसते, दोन वेढ्यांत पाचपट. म्हणजे एक मीटरच्या बंदुकीला एका वेढ्यात तीन मीटर, दोन वेढ्यांत पाच.

नवशिक्या लगेच म्हणतो, मग दोनच घेऊ, जास्त बरं. मीही म्हणालो होतो. पण रबरावर उडणारा भाला पाण्यात तीन-चार मीटरपुढं दमतो. त्याच्या पलीकडची दोरी शिकारीला लागत नाही, ती नुसती तरंगत राहते. आणि दम धरलेल्या माणसाभोवती सैल तरंगणारी दोरी म्हणजे काय, हे ज्यांना विहिरीत पोहरा काढताना दोर पायात आला आहे त्यांना विचारा. उलट दोरी भाल्याच्या पल्ल्यापेक्षा आखूड असेल तर भाला माशाच्या वीतभर अलीकडं झटका खाऊन थांबतो. आपल्या कोकणच्या पाण्यात लांबचं फारसं दिसत नाही. तिथं पाऊण-एक मीटरची बंदूक आणि एकच वेढा. निळ्या, खोल, स्वच्छ पाण्यात मोठी सुरमई येते तिथं दोन वेढे समजण्यासारखे आहेत. हो, सुरमईच. डर्बनला तिला किंग मॅकरल म्हणतात, बाजारात पाहून ओळख पटायला मला दोन दिवस लागले.

आता दोरी कशाची. दोन मुख्य पक्ष आहेत आणि या विषयावर माणसं राजकारणाइतकी भांडतात. एक पक्ष तंगुसाचा. गळाला वापरतात तोच, पण जाड, दीड ते दोन मिलिमीटरचा. दुसरा पक्ष डायनीमाच्या विणलेल्या दोरीचा.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध तार. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी तयार केलं. आमच्या आजोबांनी पहिला नायलॉनचा कासरा आणला तेव्हा तो बैलाला पसंत पडला नाही आणि आजोबांनाही. तंगूस पाण्यात बुडतो, ताणला तर लांबतो, आणि मुख्य म्हणजे ताठ असतो. हा ताठपणा हीच त्याची भलाई. ताठ दोरी सहसा गुंतत नाही. बोटाभोवती, पायात घातलेल्या पोहायच्या पंखाभोवती ती पटकन बसत नाही, सुटून जाते. उन्हात पडून राहिला की पांढुरका आणि ठिसूळ होतो, खडकावर घासला की खरवडतो. नखानं चाचपून पाहायचं. नख अडकलं की तेवढा तुकडा टाकायचा, जीव अडकवायचा नाही.

डायनीमा हे पॉलिथिलीनच, बाजारच्या पिशवीचं अतिश्रीमंत नातेवाईक. त्याच जाडीत तंगुसाच्या कितीतरी पट ताकद, ताण दिला तरी जेमतेम लांबतो, आणि पाण्यावर तरंगतो. रिळावर भरायला यासारखं काही नाही, कारण थोड्या जागेत पन्नास मीटर बसतं. पण ते मऊ आहे, रेशमासारखं. जिथं जाईल तिथं गुंडाळतं. गुळगुळीत इतकं, की साधी गाठ बसत नाही, सरकते. आणि मासा ओढत असताना नुसत्या हातानं धरलं तर तळहात कापतं. बंदुकीच्या तोंडापाशी, भाल्याच्या भोकातून जाणाऱ्या भागाला मी डायनीमा लावत नाही. भोकाची पोलादी कड ते हळूहळू कुरतडते आणि ते वरून दिसतही नाही.

इथं मी मागच्या रांगेतल्या आबांना एक विचारलं होतं, ते सगळ्यांना सांगतो. मोटेचा नाडा तुटायचा तर कुठं? आबा म्हणाले, "चाकावर, नाहीतर जुवापाशी गाठीत. मधी कवा तुटला न्हाई." अगदी बरोबर. दोरी वळणावर तुटते आणि गाठीत तुटते. तंगुसाला साधी गाठ मारली तर त्याची ताकद कधीकधी निम्म्यावर येते. म्हणून गाठ मारायचीच नाही. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची छोटी नळी मिळते, तिला स्लीव्ह म्हणतात. तिच्यातून तंगूस दोनदा ओवून पक्कडीनं दाबायचं. दाबताना नळीची दोन्ही टोकं न दाबता तशीच ठेवायची, नाहीतर तीच कड तंगुसात रुतते. टोक जरा जाळून बोंड करायचं. मी वाटलेले नमुने पाहा, त्यातला एक मुद्दाम चुकीचा दाबला आहे. ओळखा.

आणि नळीच्या तोंडाशी दोरी थेट बांधायची नाही, मध्ये बोटभर जाड, वीतभर लांब रबर घालायचं. गड चढणाऱ्यांना हे सांगायला नको. चढताना तुम्ही ताणणारा दोर घेता, उतरताना न ताणणारा, कारण पडलात तर झटका कुणीतरी खायला हवा. इथं झटका ते रबर खातं. नाहीतर माशाचं मऊ मांस फाटतं आणि जखमी मासा जातो. मला त्याचं वाईट वाटतं, मासा हातचा गेला यापेक्षा जास्त.

मोटेला दोन दोर असतात. जाड नाडा वजन ओढतो, बारीक सोंदूर सोंडेचं तोंड सांभाळतो, आणि पाणी थारोळ्यात पडतं. थारोळं हा केवढा गार शब्द होता, आता वर्तमानपत्रात फक्त रक्ताचं उरलं आहे. असो. लिंब गावची बारा मोटांची विहीर तुम्ही पाहिली आहे, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली. तिथं वर उभं राहिलं की कळतं, दोन दोरांची कामं वेगळी होती म्हणून ते चाललं. स्पिअरगनचंही तसंच. आतापर्यंत बोललो तो सोंदूर. आता नाडा.

मोठा मासा लागला आणि खोल निघाला, तर पुढं काय? दोन रस्ते. एक रीळ, बंदुकीखाली बसवलेलं, तीस ते पन्नास मीटर दोरीचं. मासा पळतो, रीळ सुटत जातं, तुम्ही वर येता. दुसरा बोया. पाण्यावर तरंगणारा, झेंडा लावलेला बोया, त्यापासून जाड दोरी खाली बंदुकीच्या मुठीपर्यंत. मासा लागला की बंदूक सरळ सोडून द्यायची. रिकाम्या हातानं वर यायचं, श्वास घ्यायचा, आणि वरून दोरी ओढत बसायचं. बोयाची दोरी खोलीपेक्षा चांगली दीडपट हवी, कारण प्रवाह तिला तिरकी करतो. होड्यांनाही बोया दिसतो, हे वेगळं.

माझा कौल बोयाला आहे, निदान पहिलं वर्षभर. रीळ दिसायला सुटसुटीत असतं, पण ते माणसाला बंदूक धरून ठेवायला शिकवतं. बोया सोडायला शिकवतो. मी स्वतः रिळाच्या मोहात पडलो होतो. खडकाळ तळ, चौदा मीटर, एक बऱ्यापैकी मासा लागला आणि कपारीत शिरला. मी रीळ ढिलं केलं, गरजेपेक्षा जास्त. डायनीमाचे वेढे माझ्याभोवती पसरले आणि वर निघालो तेव्हा पोटरीवर बांधलेल्या चाकूच्या म्यानात एक वेढा अडकला. विनोद पाहा, दोरी कापायचा चाकू जिथं, दोरी अडकली तिथंच. वाकलो, चाचपडलो, कापली. मोजून दहा-बारा सेकंद गेले असतील, पण त्या खोलीवर सेकंद फार लांब असतात. वर जोडीदार होता. त्यानं माझ्या पोटरीवरचा चाकू काढून घेतला आणि परत दिलाच नाही. दुसऱ्या दिवशी दोन छोटे चाकू आणून दिले, एक दंडाला, एक कमरेला, म्हणजे कुठलाही हात मोकळा असला तरी एक सापडावा. डोळे मिटून काढायचा सराव घरी गादीवर बसून करा. बायको हसेल, हसू दे.

सेकंदांचं का बोलतो ते सांगतो, कारण दोरीची निवड शेवटी इथंच ठरते. दहा मीटर खोल पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो. त्या दाबामुळं छातीतला उरलेला प्राणवायू थोडा असूनही रक्ताला पुरेसा वाटतो. वर येताना शेवटच्या दहा मीटरमध्ये दाब पुन्हा निम्मा होतो आणि प्राणवायूचा जोर एकदम कोसळतो. माणूस तिथं, पृष्ठभागापाशी, कधी वर येऊन एक श्वास घेतल्यावरसुद्धा शुद्ध हरपतो. वेदना नाही, इशारा नाही. बुडीआधी भराभर श्वास घेणारे तर स्वतःच तो इशारा पुसून टाकतात, कारण दम कोंडल्याची जाणीव कर्बवायूमुळं होते आणि तो त्यांनी आधीच बाहेर टाकलेला असतो. म्हणून एक खाली, एक वर. दोघं एकदम कधीच खाली नाही. आणि म्हणून दोरीनं खाली दोन सेकंदही अडवता कामा नये.

तिसरा एक प्रकार आहे, फार मोठ्या माशांसाठी. त्यात बोयाची दोरी बंदुकीला नसून थेट भाल्याच्या दोरीला जोडलेली असते. चाप दाबला की दोरी बंदुकीपासून सुटते, बंदूक तुमच्या हातात, आणि मासा बोया घेऊन पळतो. त्या दोरीत कधी दुपटी-तिपटीनं ताणणारं रबरही घालतात, मासा बोया ओढून ओढून दमतो. लहानपणी आपण सुरगाठ आणि निरगाठ शिकलो ना, ही सुरगाठेची जोडणी. मात्र आपल्याकडच्या नवशिक्याला तिची गरज नाही.

एका प्रश्नाचं उत्तर आधीच देतो, कारण चिठ्ठी आली आहे: हे सगळं मालवणला करता येईल का? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे. तिथं पाण्याखाली पाहायला जा, भाला घरी ठेवा. दुसरीकडं कुठंही जाण्याआधी तिथले नियम आणि तिथले मच्छीमार दोघांनाही विचारा. आणि धरणात चालेल का, ही दुसरी चिठ्ठी. कण्हेर असो नाहीतर कोयना, पाणी गढूळ, तळाशी बुडालेली झाडं आणि कुणाची तरी सुटलेली जाळी. तिथं दोरी कुठलीही घ्या, गुंता ठरलेला. उरमोडीबद्दल विचारणाऱ्यालाही हेच उत्तर.

नमुने जाताना टेबलावर ठेवा. चुकीचा दाबलेला कोणता ते तिघांनी ओळखलं, तिघंही सायकल दुरुस्तीवाले निघाले.