सणाचं गाणं नकोसं कधी होतं

श्रोतेहो, राम राम.

गणपती बसून चौथा-पाचवा दिवस उजाडला की घरोघरी एक उद्गार ऐकू येतो, 'लागलं पुन्हा तेच!' आणि हात रेडिओच्या बटणाकडे जातो. गंमत अशी की चतुर्थीच्या सकाळी हेच गाणं लागलं तेव्हा याच हाताने आवाज वाढवला होता. चार दिवसांत चाल बदलली नाही, शब्द बदलले नाहीत. बिघडलं ते माप. किती वेळा, किती आधीपासून आणि किती मोठ्याने, हे माप.

आधी किती वेळा ते बघू. समजा एक केंद्र सकाळी सहा ते रात्री अकरा चालतं. झाले १७ तास. सणाच्या दिवसांत तासाला ४ गाणी सणाची लावायची ठरवली तर दिवसाला ६८ जागा झाल्या. कपाटात गणपतीची म्हणून गाणी निघाली १५. सारखी वाटली तरी प्रत्येक गाणं रोज साडेचार वेळा वाजणार. पण सारखी वाटणी होत नाही, कारण फर्माईश येते ती त्याच चार लाडक्या गाण्यांची. अर्ध्या जागा या चौघांनी घेतल्या तर एकेकाच्या वाट्याला रोज साडेआठ वेळा, म्हणजे दहा दिवसांत ८५ वेळा. उरलेली ११ गाणी रोज तीन-तीनदा वाजतात आणि कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

या ८५ पैकी तुमच्या कानावर किती येतात? घरी दिवसाला दोन तास रेडिओ ऐकणाऱ्याला साधारण १०. जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कापडाच्या दुकानात दहा तास उभ्या असलेल्या सेल्समनला ५०. गिऱ्हाईक वीस मिनिटं थांबतं, एकदा ऐकतं, खूश होऊन जातं. म्हणून 'सणाची गाणी बंद करा' असं पहिल्यांदा म्हणतो तो गल्ल्याच्या आतला माणूस, बाहेरचा नव्हे. मालकाला हे कळत नाही, कारण मालक मधूनमधून बाहेर जातो. दुकानदारांना एक सोपी गोष्ट सुचवावीशी वाटते. एक तास गाणी, एक तास नुसता गिऱ्हाइकांचा गलका. विक्री कमी होत नाही. उलट मीटर सांगताना ओरडावं लागत नाही.

यात मानसशास्त्राचाही भाग आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते. नुसत्या ओळखीने माया जडते. पण ही चढण कायमची नसते. डॅनियल बर्लाइन यांनी पुढे मांडलं की आवड आधी चढते, एका टेकडीवर पोचते आणि मग उतरणीला लागते. साधं, सोपं, तीन सुरांत फिरणारं गाणं लवकर माथ्यावर पोचतं आणि लवकर उतरतं. गुंतागुंतीचं गाणं उशिरा आवडतं, पण टिकतं. सणाची गाणी सगळ्यांना एकदम म्हणता यावीत म्हणून मुद्दाम सोपी बांधलेली असतात. तेव्हा सगळ्यात लवकर विटणार तीच.

आणि विटलेला कान ऐकणंच सोडून देतो. पुरावा हवा असेल तर कोणत्याही मंडपात आरतीच्या वेळी उभे राहा. 'दास रामाचा वाट पाहे सदना' असं आहे, आणि निम्मा मंडप 'सजणा' म्हणतो. 'संकटी पावावे'चं 'संकष्टी' झालेलं असतं. 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' झालेलं तर सगळ्यांनाच माहीत. हजार वेळा कानावरून गेलेल्या शब्दांची ही गत!

दुसरं माप, किती आधी. दिवाळीची गाणी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतची. पण जाहिरातींच्या पाठीवर बसून ती नवरात्रातच शिरतात. भाऊबीजेचं गाणं धनत्रयोदशीला वाजतं, आणि खरी भाऊबीज येते तेव्हा बहिणीला ते ऐकून काही होत नाही, कारण त्याचा रंग तोवर उडालेला असतो. त्यातून कापसाची वेचणी अर्धी व्हायची आहे, पैसा हातात नाही, परतीच्या पावसाने बोंडं काळी पडलीत आणि रेडिओ पंधरा दिवस आधीपासून खरेदीला चला म्हणतोय. ज्या घरात सुतक आहे, जिची पाठवणी नुकती झाली पण माहेरी कुणी उरलं नाही, तिलाही तेच गाणं. रेडिओला समोरचं घर दिसत नाही. तेव्हा त्याने जरा दबकतच वाजावं.

तिसरं माप आवाजाचं, आणि यात सगळ्यात जास्त चुका होतात. जुन्या ध्वनिमुद्रणात गाणं हळू होतं, मोठं होतं, श्वास घेतं. आताच्या डीजे छाप रिमिक्समध्ये बारीक आवाजही दाबून वर आणलेले असतात, सगळं सपाट आणि भरगच्च. आवाज मोजणाऱ्या मीटरवर दोन्हींची शिखरं एकाच रेषेला टेकतात, म्हणून निवेदकाला वाटतं बरोबर आहे. पण रिमिक्सची सरासरी पातळी ६ ते ८ डेसिबल जास्त असू शकते, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. जुन्या भक्तिगीतामागोमाग असलं गाणं लागलं की श्रोता दचकतो. उपाय एकच. निवेदकाचा साधा बोलण्याचा आवाज प्रमाण धरायचा, आणि गाणं त्याच्यापेक्षा अंगावर येत असेल तर बटण खाली. आकाशवाणीचं जळगाव केंद्र ज्यांनी मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, ऐकलंय त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. त्या लहरींवर दोन केंद्रांमध्ये फक्त ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज छाटला जातो. झांजा, टाळ, चकचकीत सगळं गायब. भरगच्च रिमिक्सचा तिथे नुसता गाळ होतो. एक गळा आणि एक ढोलकी असेल तर मात्र शब्द न् शब्द कळतो.

मंडपातल्या भोंग्याची तऱ्हा वेगळी. पत्र्याचा भोंगा ३००-४०० हर्ट्झच्या खालचा आवाज फारसा फेकत नाही, म्हणून गळ्याची जाडी जाते, ढोलकीचा घुमारा जातो. उरतो तो २ ते ५ हजार हर्ट्झचा पट्टा, आणि माणसाचा कान नेमका तिथेच सगळ्यात तिखट असतो. त्यात मशीनचं, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं की लाटांची डोकी छाटली जातात आणि आवाज चिरकतो. मशीनवर लाल दिवा सतत पेटलेला दिसला तर समजावं, आवाज वाढत नाहीये, फक्त फाटतोय. दिवा एखाद्या ठोक्यालाच लुकलुकेल इतकं बटण मागे घ्यायचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. मंडपापासून ५ मीटरवरच्या घराला ४० मीटरवरच्या माणसापेक्षा १८ डेसिबल जास्त सोसावे लागतात. एक मोठा भोंगा लावण्यापेक्षा दोन-तीन छोटे बॉक्स अंतराअंतरावर लावले, तोंड घरांकडे नाही तर बसलेल्या माणसांकडे किंचित खाली केलं, तर कमी आवाजात सगळ्यांना ऐकू येतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ती पाळायची तर बॉक्सची मांडणीच बदलावी लागते, नुसतं बटण फिरवून भागत नाही.

मग ही गाणी बंदच करावीत का? तो प्रयोग एकदा झालाय. १९५२ नंतर, बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हटली. श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोन लावलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. नकोसं झालेलं गाणं काढून टाकलं की त्याची आठवण गोड होते, एवढंच त्यातून निघालं.

आपल्या खान्देशात या दुखण्यावरचं औषध रेडिओच्या कितीतरी आधीपासून आहे. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी बघा. गौराई बसल्यापासून आखाजीपर्यंत, निंबाला झोके बांधले की ती निघतात, झोके उतरले की ती मिटतात. आषाढात कुणी म्हणत नाही. 'आथानी कैरी, तथानी कैरी' हे गाणं घ्या. चाल दोन ओळींची, पण बाजारातून काय घ्यायचं, ते कुणी आणायचं, हे गाणारणीच्या मनावर. बांगड्या झाल्या की दुसरी वस्तू, माय झाली की भाऊ. शेजारणीचं, नणंदेचं, नव्या सुनेचं नाव घातलं की सगळ्या हसतात आणि तेच गाणं पुन्हा नवं. भुलाबाईची गाणी तर भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर चालतात, तरी पोरींना कंटाळा नाही. कारण गाणी संपली की खाऊ ओळखायचा असतो. झाकणबंद डबा कानाशी धरून खुळखुळवायचा, शेंगदाणे की चिवडा ते सांगायचं. गाण्याला शेवट आहे, आणि शेवटाला चव आहे. कानबाईचं, आपल्या खान्देशातल्या देवीचंही, तसंच. श्रावणातला तो रविवार जागायचा, सोमवारी कानबाईचं विसर्जन करायचं. आता तिचीच डीजे गाणी लग्नाच्या वरातीत चैत्र-वैशाखात वाजतात, आणि श्रावण येईपर्यंत शिळी झालेली असतात. याला जबाबदार कानबाई नव्हे.

रेडिओवर गाणारणीचं मन नाही, म्हणून तिथे हिशेब हवा. तासाला ४ ऐवजी २ गाणी, म्हणजे दिवसाला ३४ जागा. गाणी ३४ नको, ४० हवीत. ३४ च असली तर रोज त्याच वेळी तेच गाणं येतं, आणि साडेसहाला चहा पिणाऱ्याला दहाही दिवस एकच ऐकू येतं. ४० असली की क्रम आपोआप सरकतो. आज सहाला लागलेलं गाणं उद्या नऊला, परवा बाराला. दहा दिवसांत एक गाणं आठ-नऊ वेळाच वाजतं. ८५ शी ताडून बघा. दोन तास ऐकणाऱ्याला ते एकदा भेटतं, दुकानातल्या सेल्समनला पाचदा. एकाच गाण्याची वीस पत्रं आली तर वीसही नावं एकदम वाचायची आणि गाणं एकदाच लावायचं. आपलं नाव आलं की पत्र पाठवणाऱ्याचं समाधान होतं. आणि बातम्यांची वेळ झाली म्हणून गाणं धृपदावर कापू नये. अर्धवट तुटलेली ओळ डोक्यात फिरत राहते. तशी अडकलीच, तर ते गाणं एकदा पूर्ण ऐकून टाकावं. २०१५ मध्ये इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात असं दिसलं की च्युइंगम चघळल्यानेही डोक्यात अडकलेलं गाणं कमी त्रास देतं. आपल्याकडे फुटाणे आहेत, करून बघायला हरकत नाही.

आता ४० गाणी आणायची कुठून? सनईचे तुकडे, गावच्या भजनी मंडळाची भजनं आणि बायकांची अहिराणी गाणी. ही शेवटची तुम्ही स्वतः टिपू शकता. मोबाइल पुरतो. फक्त तो विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच फोन वाजतो. गाणारणीच्या तोंडापासून एक हात अंतर, जरा बाजूला. अगदी समोर धरला तर 'प' आणि 'फ'चे फटकारे बसतात. वैशाखात वारा असतो, मोबाइलच्या माइकवर सुती कापडाचा एकच पदर घाला, जाड फडकं नको. टाळ्या वाजवणारीला दोन पावलं मागे उभं करा, नाहीतर प्रत्येक टाळीला आवाज फाटतो. पंखा, मोटर बंद. झोक्याचा दोर कुरकुरत असेल तर कुरकुरू द्या, तो आखाजीचाच आवाज आहे. सुरुवातीला गाव आणि सण बोलून घ्या. आणि गाणं संपल्यावर लगेच बटण दाबू नका, पाच-दहा सेकंद जाऊ द्या. बहुतेक वेळा म्हातारी तेवढ्यात म्हणते, 'थांब वं, याना पुढलं आठवनं माले.'