बाटली कुबट, पण वास येत नाही

मंडळी, आधी बुचाबद्दल थोडं. ज्याला आपण बुचाचं झाड म्हणतो, ज्याच्या लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा पहाटे रस्त्यावर सडा पडतो, त्याचं आणि वाइनच्या बुचाचं नातं नावापुरतं. त्याच्या भेगाळ सालीतून हलकी बुचं करत, म्हणून ते नाव चिकटलं. बाटलीत बसतं ते बूच ओकच्या एका जातीचं, आणि जगातलं जवळजवळ निम्मं पोर्तुगालमधून येतं. झाडानं पंचविशी गाठली की पहिल्यांदा साल काढतात, पुढे दर ९ वर्षांनी. बाटलीच्या लायकीची साल मिळते तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाडाची चाळिशी उलटल्यावर. बापानं लावायचं आणि मुलानं सोलायचं, असा तो धंदा. मला या झाडाचं फार कौतुक आहे, म्हणून आजचा विषय, म्हणजे वाइनला लागणारा बुचाचा दोष आणि तो ओळखायचा कसा, मनाला लागतो.

आता माझी गोष्ट. ती जरा लांबेल, पण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

मेहुण्यानं पोर्तुगालहून, दोरू खोऱ्यातल्या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एकाच पेटीतल्या, एकाच वर्षाच्या. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडायच्या म्हणून सहा वर्षं सांभाळल्या. घरातल्या सगळ्यात थंड कपाटात, आडव्या, वर जुनी गोधडी. तो दिवस आला. पहिली उघडली. बूच अखंड निघालं, रंग गडद जांभळा, वास... वाईट काहीच नाही. घोट घेतला. आंबटपणा होता, तुरटपणा होता, मधे फळ मात्र नव्हतं. शेजारच्या खोलीत दार लावून मैफल चालली असावी, सूर कळावेत पण गाणं पोचू नये, तसं. दादा म्हणाला, "छान आहे हं." वहिनी म्हणाली, "आम्हाला काय कळतंय त्यातलं!" ही गप्प बसली. आणि मी मनात ठरवून टाकलं की आपल्या उन्हाळ्यानं वाइन मारली, कपाट चुकलं, सहा वर्षं वाया गेली.

पंधरा दिवसांनी, आता ठेवून काय करायचं म्हणून दुसरी उघडली. त्याच कपाटातली, त्याच गोधडीखालची. ग्लास नाकाजवळ नेला आणि करवंद, काळी मिरी, ऊन लागलेल्या दगडाचा वास, सगळं एकदम आलं. ही म्हणाली, "मग त्या दिवशी काय प्यायलो आपण?" तो प्रश्न मी आजही बरोबर घेऊन फिरतो.

त्या दिवशी प्यायलो ते बुचाचा दोष लागलेली वाइन. दोष ठसठशीत असता तर कुणीही ओळखला असता: पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा, ओल आलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. तशी बाटली बाजूला ठेवतात, बुचाला दोष देतात, प्रश्न मिटतो. खरा अन्याय हलक्या दोषात आहे. तिथे कुबट वास येतच नाही, नुसतं फळ जातं आणि चव घोटाबरोबर संपते. मग आपण दोष देतो द्राक्षाला, त्या वर्षाच्या हंगामाला, शेतकऱ्याला, नाहीतर स्वतःच्या जिभेला. पिणारा पुन्हा त्या वाइनच्या वाटेला जात नाही, आणि करणाऱ्याला कारण कधीच कळत नाही.

याच्या मुळाशी आहे ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचा पदार्थ, थोडक्यात टीसीए. १९८२ साली स्विस संशोधकांनी तो बुचाच्या दोषाचं कारण म्हणून दाखवून दिला. क्लोरीन असलेल्या फिनॉल या विषारी रसायनावर बुरशी वाढली की ती स्वतःला वाचवायला त्या विषाचं रूप पालटते आणि टीसीए तयार होतो. पूर्वी बुचं क्लोरीननं धूत, ती चाल त्यामुळेच मागे पडली. लिटरमागे दोन-चार नॅनोग्रॅम पुरतात. ऑलिंपिकचा २५ लाख लिटरचा तलाव वाइननं भरलात तर नासवायला १० मिलिग्रॅम बस्स, मोहरीचे मोजके दाणे. एवढ्यानं प्रकृतीला काही होत नाही, आनंद मात्र जातो. आणि २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की टीसीए वास ओळखणाऱ्या पेशींचे संदेशच दाबून टाकतो. म्हणजे त्याचा स्वतःचा वास जाणवायच्या आधीच तो बाकीचे वास आपल्यापासून तोडतो. त्या रात्री आमच्या टेबलावर तेच झालं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. ओळखायचं कसं हे तर कबूल केलं होतं, तेव्हा भरभर सांगतो. पहिल्या हुंगण्यावर भरवसा ठेवा, नाक या वासाला पटकन सरावतं. बूच हुंगून फारसं कळत नाही, आणि ग्लासात बुचाचा चुरा पडला म्हणजे दोष नव्हे. मग ग्लास अर्धा तास तसाच ठेवा. काडेपेटीचा किंवा सडक्या अंड्याचा वास असेल तर तो हवेनं बहुधा निवळतो. बुचाचा दोष निवळत नाही, उलट कुबटपणा हळूहळू वर येतो. डाग पडलेल्या सफरचंदासारखा वास आला तर वाइनला हवा लागलेली आहे, ते दुखणं वेगळं. पॉलिथिनची पातळ पिशवी ग्लासात बुडवून ठेवली तर टीसीए तिला चिकटतो. फळ थोडं जरी वर आलं तरी संशय पक्का करा, पण वाइन पूर्ववत झाली असं समजू नका. सगळ्यात खात्रीचं म्हणजे त्याच वाइनची दुसरी बाटली. आणि स्क्रू कॅप असली की सुटलो, असंही नाही. तळघरातल्या लाकडातून, पिंपांतूनही टीसीए येऊ शकतो, फक्त ते क्वचित. हॉटेलात शंका आली तर सरळ सांगा, "ही बाटली बुचाचा दोष लागलेली वाटते, दुसरी उघडून बघा." संकोच करू नका.

मागच्या टेबलावर वाइन ओतलेले दोन जग आहेत, एकाच पेटीतल्या दोन बाटल्यांचे. डावीकडच्यात दोष आहे, अगदी हलका. रांगेनं या, उजवीकडचा आधी हुंगा, आणि तुमच्या मागचा माणूस हुंगेपर्यंत काही बोलू नका.