राज्य बदलतं तेव्हा बाया कुठे असतात?

(चिमूर तालुक्यातल्या एका गावी, महिला सदस्य आणि बचत गटांच्या मेळाव्यात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

बायांनो, सुरुवात चिमूरपासूनच करते. १६ ऑगस्ट १९४२ ला या गावानं इंग्रजी राज्य झुगारलं आणि मग लष्कर आलं. पुरुषांची धरपकड झाली, बायांवर अत्याचार झाले. अब्रूच्या धाकानं दार लावून घ्यायचा तो काळ, तरी इथल्या बाया समोर येऊन बोलल्या. त्या बोलल्या म्हणून चौकशीची मागणी उभी राहिली, सेवाग्राम आश्रमातल्या प्राध्यापक भन्साळींनी त्यासाठी ६३ दिवस उपवास केला. या उठावात फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी झटणाऱ्या अनसूयाबाई काळे १९५२ मध्ये नागपूरमधून लोकसभेत गेल्या.

१९४२ लाच, चिमूरच्या उठावाच्या महिनाभर आधी, २० जुलैला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क हवा, एका बायकोवर दुसरी करायला बंदी हवी, कायदेमंडळात बायांना जागा हव्यात, असे ठराव तिथे झाले. स्वातंत्र्याला अजून पाच वर्षं होती, आणि या बाया येणाऱ्या राज्यातला आपला हिस्सा आधीच मांडून बसल्या होत्या. मला ही परिषद फार मोठी वाटते. शाळेच्या पुस्तकात ती असायला पाहिजे.

पुढे घटना लिहायला बसलेल्या २९९ जणांत बाया किती? १५. मताचा हक्क मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांना मिळाला, ही लहान गोष्ट नाही. पण मतदारयादी करताना काय झालं ते ऐका. उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असं चालणार नाही. सुमारे २८ लाख बाया यादीतून गळाल्या. कायद्यानं दिलेला हक्क दारातच अडकला.

बाहेरही हेच. पोलंडमध्ये कम्युनिस्ट सरकारविरोधी छुपी वर्तमानपत्रं चालवण्यात बाया पुढे होत्या. १९८९ ला सत्ताबदलाच्या गोलमेज वाटाघाटी झाल्या तेव्हा टेबलाशी बाया बोटांवर मोजण्याइतक्या, आणि १९९३ मध्ये गर्भपाताचा हक्क जवळजवळ काढूनच घेतला गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या बायांनी मात्र गोऱ्यांचं राज्य जाऊन सगळ्यांची पहिली निवडणूक व्हायच्या आधीच, १९९२ ला, सगळ्या पक्षांच्या आणि रंगांच्या बायांची एक आघाडी बांधली आणि नवी घटना लिहिली जात असतानाच आपल्या मागण्या पुढे ठेवल्या. जुनं राज्य जातं आणि नव्याचे नियम ठरतात, तो काळ फार थोडा असतो. वाटणीच्या दिवशी जो घरी नसतो, त्याच्या वाट्याला बांधाकडची मुरमाड पट्टी येते. नंतर किती भांडलं तरी तो कागद बदलत नाही.

नुसत्या खुर्च्या भरूनही भागत नाही. नेपाळच्या पहिल्या संविधानसभेत २००८ ला ६०१ पैकी १९७ बाया होत्या. तरी पुढच्या संविधानसभेनं केलेल्या २०१५ च्या घटनेत आईच्या नावानं लेकराला नागरिकत्व मिळायची वाट बापाइतकी सोपी झाली नाही.

आपल्याकडे नियम ठरायचा तो काळ दुसऱ्यांदा आला तो पंचायतीच्या वाटेनं. यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यानं १९८९ ला सगळी ग्रामपंचायत बायांची निवडली, तेव्हा आरक्षणाचा कायदाही आला नव्हता. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली. आज महाराष्ट्रात निम्म्या जागा आपल्या आहेत.

आता प्रोसिडिंग बुकाकडे, म्हणजे सभेचे ठराव लिहायच्या वहीकडे या. मी कितीतरी गावांत ते उघडून पाहिलं आहे. ठराव ग्रामसेवकानं लिहिलेला, सूचक म्हणून बाईचं नाव, आणि सांगणारा तिचा नवरा. सही तिची, बोलणं त्याचं. हे बघून मला संताप येतो, कारण याच तालुक्यातून २०१० ला दारूबंदीसाठी बाया पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली, २०२१ ला ती उठलीही. रस्त्यावर मिळवलेलं टिकवायचं असेल तर बुकातही आपलंच बोलणं उतरलं पाहिजे.

ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती खरोखर भरवा, कागदावर उरकू देऊ नका. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचा विषय तिथे घ्या. आणि ठराव मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कोणीही सही करू नका.