इंजिन उघडण्याआधी चमचाभर ऑइल

नमस्कार मंडळी. मागे उभी आहे ती माझ्या मावसभावाची मारुती 800, 2004 ची. तक्रारी दोन: पिकअप गेलाय आणि गाडी ऑइल खातेय. एका गॅरेजमध्ये सायलेन्सरचा निळा धूर बघून सांगितलं, "रिंगा गेल्या, इंजिन काम करावं लागेल." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावलाच नाही. मला हे अजिबात पटत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, कमी होणं आणि ऑइल जळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. कधी मूळ एकच असतं, कधी नसतं.

आधी धूर. तो कधी येतो, हे मालकाला नीट विचारा. चढावर, लोड असताना सतत येतो आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर तिथूनही फकफक धूर निघतो? मग रिंगा, बोअर (सिलेंडरची आतली भिंत). पण सकाळी स्टार्ट करताना भसकन येऊन थांबत असेल, किंवा घाट उतरल्यावर येत असेल, तर संशय वॉल्व्ह सीलवर, म्हणजे वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या रबरी टोपीवर. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो. थ्रॉटल बंद, पिस्टन हवा ओढतोय आणि हवा मिळत नाही, मग सिलेंडर वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खेचतो. परवा ताम्हिणी उतरताना मी या गाडीच्या मागेच होतो. उतारभर काही नाही. खाली आल्यावर भावाने पाय दिला आणि निळा लोट माझ्या काचेवर.

आता कॉम्प्रेशन. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी. इग्निशन आणि इंजेक्टरचे कपलर काढा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा. तिन्ही सिलेंडरचे स्पार्क प्लग काढा. काढतानाच बघून घ्या, हा दोन नंबरचा प्लग, टोकाला काळा आणि ओलसर. गेज हाताने घट्ट बसवा आणि आत कोणाला तरी बसवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा. हे बरेच जण विसरतात. थ्रॉटल बंद राहिला तर आत हवाच जात नाही आणि चांगलं इंजिनही नापास होतं. मग पाच-सहा झटके स्टार्टर.

(गेज कॅमेऱ्याजवळ)

एक नंबर, 160 पीएसआय. दोन नंबर, 105. तीन नंबर, 155. आकड्यापेक्षा मी फरक बघतो. महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटर उंचीवर, हवाच विरळ, त्यामुळे तिथे तिन्ही आकडे कमी येतील. पण एकाच इंजिनात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर दोष आहेच.

आता प्लगच्या भोकातून दोन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल. जास्त नको, नाहीतर जागाच भरते आणि गेज खोटं बोलतो. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा उडी मारून वर गेला तर हवा रिंगांवाटे जात होती. आपला आकडा? 110. म्हणजे हवा वरून जातेय. शेजारचे दोन सिलेंडर सारखेच पडले असते तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) म्हटलं असतं, पण इथे एकटा दोन नंबर आहे. वॉल्व्ह.

हेड उतरवायचं का? थांबा, आधी टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली गॅप. इंजिन गार करून झाकण काढलं, पिस्टन वर आणून फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) घातला. दोन नंबरच्या एक्झॉस्टला पातीच शिरेना. गॅपच उरली नव्हती, वॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. असं महिनोन्‌महिने चालवलं तर वॉल्व्ह जळतो. टॅपेट सेट केले, इंजिन पुन्हा गरम करून गेज लावला: 150. वॉल्व्ह वाचला.

मग धूर? तो सीलचा. सिलेंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून वॉल्व्ह वर धरले की हेड न काढता सील बदलता येतात. आणि एक धोका लक्षात ठेवा: ऑइल रिंग कार्बनने चिकटलेली असेल तर कॉम्प्रेशन छान येऊनही इंजिन ऑइल पितं, कारण कॉम्प्रेशन धरणाऱ्या रिंगा वेगळ्या. म्हणून सील घातल्यावर भावाच्या हातात वही दिलीय. दर 500 किलोमीटरला, सपाट जागेवर, गार इंजिनला डिपस्टिक बघून लिहायचं. पातळी तरीही उतरली, तर रिंगांसाठी इंजिन मी स्वतः उघडेन.